खरं असलं तरी ती निंदा असू शकते

“खोटं सांगितलं तरच निंदा, खरं बोलण्यात पाप कसलं?” ही समजूत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत फार जुनी आहे आणि ती चुकीची आहे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचं कलम २४७७ खोट्या आळाला पाप म्हणतंच. पण सबळ कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष, ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांच्यापुढे उघडे करणं, हेही पाप मानतं. “त्याच्यासाठी प्रार्थना करा हं” म्हणत सांगितलेली भानगडही यातच येते. मला तर ती जास्त घातक वाटते, कारण ऐकणारा सावध राहत नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशू, कुणी अपराध केला तर काय करावं, याचा क्रम घालून देतो. आधी त्या चुकलेल्या भावाला एकांतात भेटा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, सांगा. आपण पहिली पायरीच गाळतो.

मात्र याच्या आधारे कुणाचं तोंड दाबू नये. अत्याचार किंवा अफरातफर पोलिसांना, जबाबदार माणसांना कळवणं ही निंदा नव्हे. तिथे सबळ कारण आहे. देवापुढे गाऱ्हाणं मांडणंही पाप नाही. बायबलमधलं स्तोत्र १३ सुरूच होतं ते, देवा, मला कोठवर विसरणार, या प्रश्नाने.