मेंदू आकसला की पाणी तुंबलं?

वयस्कर माणसाच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या झाल्या आहेत’ असं आलं, की घरचे धसका घेतात: मेंदू आकसला, आता इलाज नाही. अल्झायमरमध्ये तसं होतंच. मेंदूच्या पेशी झिजतात आणि मोकळी झालेली जागा पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणारा द्रव, व्यापतं. पण नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस (एनपीएच) या आजारातही पोकळ्या मोठ्याच दिसतात. तिथे मात्र मेंदूभोवतीच्या पाण्याचं चलनवलन बिघडलेलं असतं आणि शस्त्रक्रियेने रुग्ण सुधारू शकतो. हे तपासून न पाहता रुग्णाला ‘विसराळू म्हातारपण’ म्हणून सोडून देणं मला फार लागतं.

सालोमोन हाकिम आणि रेमंड अ‍ॅडम्स यांनी 1965 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. चाल बिघडणं, लघवीवरचा ताबा सुटणं आणि बुद्धी मंदावणं ही त्याची तीन लक्षणं. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही. म्हणून घरच्यांना मी आधी एवढंच विचारायला सांगेन: पहिल्यांदा काय बिघडलं? अल्झायमरमध्ये सहसा आठवण आधी जाते, चाल बराच काळ ठीक राहते. एनपीएचमध्ये बहुधा पाय आधी अडतात. पावलं आखूड पडतात, पाय फाकवून आणि जमिनीला चिकटल्यासारखे घसटत टाकले जातात, वळताना चार-पाच पावलं जास्त लागतात. विसरण्यातही फरक असतो. एनपीएचचा रुग्ण संथ होतो, पण खूण दिली की त्याला बऱ्याचदा आठवतं. अल्झायमरमध्ये खूण देऊनही फारसा उपयोग होत नाही.

पोकळ्यांची रुंदी मोजणारा इव्हान्स इंडेक्स 0.3 च्या वर गेला तरी निवाडा होत नाही, कारण तो दोन्हीकडे वाढू शकतो. एनपीएचमध्ये माथ्याकडच्या मेंदूच्या वळ्या दाटीवाटीने चेपलेल्या आणि बाजूच्या सिल्व्हियन फटी रुंद दिसतात. आकसलेल्या मेंदूत वरच्या फटीही मोकळ्या दिसतात आणि अल्झायमर असेल तर स्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पस, बारीक झालेला असतो.

एनपीएचची शस्त्रक्रिया म्हणजे शंट, मेंदूतलं जास्तीचं पाणी बहुधा पोटात वाहून नेणारी नळी, बसवणं. त्याचा फायदा कोणाला होईल हे ताडण्यासाठी कमरेत, मणक्यातून, 30 ते 50 मिली तेच पाणी काढतात आणि आधी व नंतर चाल घड्याळ लावून मोजतात. चाल सुधारली तर आशा बळकट. नाही सुधारली तर मात्र दार बंद झालं असं समजू नये. ही चाचणी बरेच रुग्ण हुकवते. मग काही दिवस कमरेत नळी ठेवून पाणी काढून पाहता येतं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाणी काढल्यावर चाल सुधारलेल्या रुग्णांनाच घेतलं होतं. सगळ्यांना शंट बसवला, पण निम्म्यांचा व्हॉल्व्ह (पाणी किती वाहावं ते ठरवणारी झडप) जवळपास बंद ठेवला. तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह चालू असलेल्यांची चाल सेकंदाला 0.23 मीटरने वाढली होती, बाकीच्यांची 0.03 ने.

काहींना दोन्ही आजार एकत्र असतात. तेवढ्यावरून शंट नाकारत नाहीत, पण चाल सुधारेल आणि आठवण तितकी नाही, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं. पाणी जास्त वाहून गेल्यास मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचणं, जंतुसंसर्ग, नळी तुंबणं हे शंटचे धोकेही असतात. म्हणूनच शंटनंतर काही काळाने चाल पुन्हा बिघडली, तर आजार वाढला असं धरण्याआधी नळी तुंबली आहे का, व्हॉल्व्हचा दाब बदलायला हवा का, ते तपासतात.