बिनमाशांच्या तळ्यावर घडलेलं फ्लाय कास्टिंग

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये उंच झाडांच्या आड तीन उथळ, बांधीव तळी आहेत. पाण्यावर रिंगा तरंगत असतात, काठावर माणसं लांब काठ्या घेऊन उभी असतात आणि त्यांच्या दोऱ्या हवेत मागेपुढे जात असतात. गळाला मात्र काही लागत नाही, कारण ही तळी मासे धरण्यासाठी नाहीतच. गोल्डन गेट अँगलिंग अँड कास्टिंग क्लबची ही सरावाची जागा आहे; कास्टिंग म्हणजे गळाची दोरी फेकणं. फ्लाय फिशिंगचा इतिहास म्हटलं की नद्या, ट्राउट मासे आणि पिसांचे नकली कीटक, म्हणजे फ्लाय, एवढंच सांगितलं जातं. पण आज जगभर वापरात असलेली दोरी आणि फेकायची पद्धत यांचा बराच भाग अशा बिनमाशांच्या पाण्यावर ठरला.

गळ टाकायचा सराव करायला क्लबात कशाला जायचं, असं आपल्याकडच्या माणसाला वाटणारच. पवई तलावावर कटला-रोहूसाठी बसणारा आमिषाचं आणि शिशाचं वजन फेकतो. वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागून रिळावरून सुटत जाते. फ्लायला वजन जवळपास नसतंच. म्हणून इथे वजन असतं ते दोरीत, आणि फेकायची असते ती दोरीच. ती आधी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे आणायची. मागचं दिसत नाही, त्यामुळे नवखा हमखास घाई करतो; दोरी आसुडासारखी कडाडते आणि टोकाची फ्लाय तुटून कुठेतरी गवतात पडते. सरावात हुकाऐवजी लोकरीचा रंगीत तुकडा बांधतात. फ्लाय वाया जात नाही आणि शेजारच्याचे कान-डोळेही वाचतात.

हे सगळं एखाद्या मैदानावरही करता येतं आणि अनेक क्लब तसंच करतात. पण गवतावर दोरीचं आवरण घासतं. शिवाय रोल कास्ट तिथे नीट जमत नाही. मागे झाडी असली की ही फेक कामाला येते. तिच्यात दोरी मागे सोडायचीच नसते, पाणी दोरीला धरून ठेवतं आणि त्या ताणावर काठी वाकते. गवतात ती पकड नाही. क्लबांना पाणी लागतं ते यासाठी.

फेक लांब टाकता येईल अशी साधनं मुळात फार उशिरा आली. १४९६ मध्ये इंग्लंडात छापलेल्या मासेमारीच्या प्रबंधात दोरी घोड्याच्या केसांची आहे आणि ती काठीच्या टोकालाच बांधायची आहे, रीळ नाही. काठीची लांबी अधिक दोरीची लांबी, एवढाच पल्ला. एकोणिसाव्या शतकात रेशमी दोरी आणि चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली काठी आली. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचे बंदुका बनवणारे सॅम्युएल फिलिपी आणि पुढे मेन राज्यातले हायरम लेनर्ड ही त्यातली मोठी नावं. ही दोरी काठीच्या कड्यांमधून सहज सरकायची, म्हणजे हवी तेवढी सोडता यायची. मग कोणाची किती लांब जाते यावर पैजा लागणं ओघानंच आलं.

अमेरिकेत अशा स्पर्धा सुरुवातीला शिकाऱ्यांच्या मेळाव्यांत, नेमबाजीच्या जोडीनं होत. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिथल्या फ्लाय कास्टिंग क्लबनं मोठी स्पर्धा भरवली. त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे हौशी लोक पार्कमधल्या स्टो लेकवर जमू लागले. १९०६ मध्ये क्लबांची राष्ट्रीय संघटना झाली. गोल्डन गेट क्लबची स्थापना १९३३ ची, ऐन मंदीतली. बेकारांना काम देणाऱ्या डब्ल्यूपीए या सरकारी योजनेतून १९३८ च्या सुमारास तळी आणि क्लबची लाकडी इमारत उभी राहिली.

पुढची वीस-पंचवीस वर्षं या विषयात सगळ्यात भरगच्च आहेत. १९३४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ऑरेगॉनच्या मार्विन हेज यांनी १४७ फुटांवर दोरी टाकली. त्यांची दोरी पुढच्या भागात जाड आणि मागे बारीक होती. शिवाय काठी मागे नेताना एकदा आणि पुढे आणताना एकदा ते दुसऱ्या हातानं दोरीला हिसका देत. हा डबल हॉल आज समुद्रावर फ्लाय टाकणाऱ्या प्रत्येकाला यावाच लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्याच विन्स्टन कंपनीचे ल्यू स्टोनर बांबूच्या पट्ट्या आतून कोरून हलक्या, तरी ताकदीच्या काठ्या बनवत होते. जिमी ग्रीन यांनी जड दोरीचा तीसेक फुटांचाच तुकडा ठेवून त्यामागे बारीक नायलॉन जोडलं. तुकडा उडाला की नायलॉन विनातक्रार मागून जातं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या रुंद नद्यांत स्टीलहेड पकडणाऱ्यांनी ही युक्ती लगेच उचलली. समुद्रातून नदीत परतणारा हा मासा काठाजवळ येईलच असं नाही.

माझ्या मते यातलं सगळ्यात मोठं काम मात्र रुक्ष आकड्यांचं आहे. रेशमी दोऱ्यांची ओळख जाडीवरून, अक्षरांत असे: एचडीएच, जीबीएफ. सगळ्या दोऱ्या रेशमाच्या होत्या तोवर जाडीवरून वजन कळत होतं. नायलॉन आणि मग प्लास्टिकचं आवरण आल्यावर त्याच जाडीच्या दोन दोऱ्यांची वजनं वेगळी निघू लागली, आणि कोणत्या काठीला कोणती दोरी हे दुकानदारालाही सांगता येईना. बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले, स्पर्धक मायरन ग्रेगरी यांनी वजनाचा आग्रह धरला. १९६१ मध्ये उत्पादकांच्या संघटनेनं नियम केला: दोरीचे पहिले तीस फूट तोलायचे आणि त्यावरून क्रमांक द्यायचा. पाच नंबरची दोरी म्हणजे १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. आज काठीवर दिसणारा ‘५’ किंवा ‘८’ तिथून आला.

पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीच्या पॅटरसन कास्टिंग क्लबात जोन साल्व्हाटो नावाची मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षापासून सराव करत होती. १९५१ मध्ये तिनं पुरुष स्पर्धकांना हरवून लांब फेकीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हीच पुढे जोन वुल्फ म्हणून प्रसिद्ध झाली. ती नृत्यही शिकलेली होती. ताकद दंडात नसून वेळ साधण्यात आहे, हे तिच्याकडे पाहून अनेकांना पटलं. १९७९ मध्ये तिनं नवऱ्याबरोबर न्यूयॉर्क राज्यात शाळा काढली आणि फेकीच्या एकेका टप्प्याला नाव देऊन शिकवलं.

क्लबांवर एक आक्षेप जुना आहे: नदीवर ट्राउट बहुतेक वेळा तीस-चाळीस फुटांतच लागतो, मग शंभराच्या पुढचा सोस कशाला? आक्षेप खोटा नाही. लांब फेकीच्या नादात हात बिघडलेले लोक कोणत्याही क्लबात भेटतील. पण स्पर्धांत नेमाचेही प्रकार आहेत. तीस इंची रिंगेत फ्लाय पडली तर गुण शाबूत, बाहेर गेली की फुटाफुटाला वजावट. नवख्यानं आधी हेच करावं. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर बूट आणि परवाना घेण्याआधी ते करून पाहता येईल: पार्कमधली तळी सगळ्यांना खुली आहेत आणि क्लबचे जुने सभासद नवख्यांना फुकट शिकवत आले आहेत.