जागेवर महापालिकेचं आरक्षण आहे? विक्री, टीडीआर आणि कलम १२७ ची नोटीस

सोलापूरच्या हद्दवाढ भागात जमिनीचा विषय निघाला की कुणी ना कुणी म्हणतंच, "आमची जागा महापालिकेनं घेतली." पैसे मिळाले का? नाही. ताबा दिला का? नाही, अजून तूर पेरतो. मग घेतली नाही. आरक्षण पडलंय, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय, एवढंच. १९९२ च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, मजरेवाडी, सोरेगाव ही गावं शहरात आली. तिथल्या अनेक घरांत हा गोंधळ आजही आहे. आरक्षणाने मालकी जात नाही, वापरावर बंधन येतं.

म्हणून आधी नगररचना विभागात अर्ज करून गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. आरक्षण कशासाठी आहे, किती क्षेत्रावर आहे आणि विकास आराखडा कोणत्या तारखेपासून अंमलात आला, हे त्यातून कळेल. ती तारीख वहीत लिहून ठेवा, पुढे सगळं तिच्यावर चालतं.

आता महापालिका खरेदीचा विचार कसा करते ते बघू. पाण्याची टाकी, शाळा, दहनभूमी, उद्यान असं काही लागणार असेल तर संबंधित खातं मागणी करतं. नगररचनेचा अभिप्राय, विधी खात्याचं मत, मूल्यांकन आणि अंदाजपत्रकातली तरतूद यांची फाईल बनते. आयुक्त जागा करारानं विकत घेऊ शकतात, पण महापालिका अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे दर आणि अटींना स्थायी समितीची मंजुरी लागते. जागेवर आरक्षणच नसेल आणि कारण नुसतं 'भविष्यात लागेल' असेल, तर फाईल लंगडी पडते. नवं आरक्षण टाकायचं तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करावा लागतो: ठराव, राजपत्र, महिनाभर हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी.

आरक्षित जागा घ्यायला नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत. करारानं रोख मोबदला ही पहिली. दुसरी टीडीआर, म्हणजे जागा मोफत आणि बोजारहित देऊन त्याबदल्यात बांधकामाचे हक्क घ्यायचे. तिसरी २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं सक्तीचं संपादन. त्यात शहरी भागात ढोबळमानाने बाजारमूल्याच्या दुप्पट मोबदला बसतो. तिजोरीचा विचार करता महापालिका बहुधा टीडीआरच पुढे करेल. दाट वस्तीच्या क्षेत्रात दिलेल्या जागेच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट, म्हणजे बाहेरच्या १,००० चौरस मीटरला २,००० चौरस मीटर. आकडा गोड वाटतो, पण विकत घेणारा बिल्डर लागतो आणि वापरताना दोन्ही जागांच्या रेडी रेकनर (शासनाने ठरवलेल्या) दरांचं गणित लागतं. सही करण्याआधी दोन-तीन बिल्डरांना भाव विचारा. टीडीआर तुमच्या संमतीशिवाय लादता येत नाही.

सक्तीच्या संपादनात एक कलम मालकाच्या बाजूचं आहे. ताबा घेऊन ५ वर्षं जमीन न वापरता पडून राहिली, तर ती मूळ मालकाला, वारसांना किंवा शासनाच्या भूमी बँकेत परत जाण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. करारानं विकलेल्या जागेला हा आधार धरू नका.

जागा महापालिकेला देण्याचा अर्ज कोण करू शकतो? मालक किंवा त्याचा नोंदणीकृत मुखत्यार. पण सातबाऱ्यावर पाच भाऊ असतील तर पाचही जणांची संमती हवी, पुण्याला गेलेल्या धाकट्याचीही. मयत खातेदाराचं नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, तिथंच महिने जातात. जागा भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर शासनाचं बंधन असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सोलापूर नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली (शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवायची याची मर्यादा घालणारा कायदा) होतं. तो कायदा २००७ मध्ये रद्द झाला, तरी कलम २० च्या सवलतीची जुनी नोंद सातबाऱ्यावर आहे का ते पाहाच.

कागद: चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आठ-अ, सगळे फेरफार, खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), हद्दी कायम केलेला मोजणी नकाशा, वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, बँकेचा बोजा असल्यास नाहरकत आणि कोर्टात दावा नसल्याचं प्रतिज्ञापत्र. क्षेत्र सातबाऱ्यावर वेगळं आणि मोजणीत वेगळं असेल तर आधी भूमी अभिलेख गाठा.

महापालिका काहीच करत नसेल तर नगररचना अधिनियमाचं कलम १२७. आराखडा अंमलात येऊन १० वर्षं उलटली आणि संपादन झालं नाही, तर मालकीच्या कागदांसह खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, बजावता येते. त्यानंतर महापालिकेला २४ महिने मिळतात. तेवढ्यात जागा घेतली नाही किंवा संपादनाची खरी कारवाई सुरू केली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं, आणि शेजारच्या जागेला जो वापर चालतो तो तुम्हालाही मिळतो. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार ही कारवाई नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात स्पष्ट केलं.

मालकांच्या नोटिसा फेटाळल्या जातात त्याचं एक कारण: मालकीचे कागद सोबत जोडलेले नसतात. दुसरं म्हणजे १० वर्षं पुरी होण्याआधीच पाठवलेली नोटीस. ती फुकट जाते. नोटीस आयुक्तांच्या नावे द्या, आवक-जावक विभागाचा शिक्का आणि नंबर आपल्या प्रतीवर घ्या, शिवाय स्पीड पोस्टानं पाठवून पोच ठेवा. २४ महिने उलटल्यावर व्यपगत झाल्याचा आदेश राजपत्रात यावा म्हणून शासनाच्या नगरविकास विभागाकडे वेगळा अर्ज करा. तो आदेश हातात असला की बांधकाम परवानगीच्या टेबलावर वाद घालावा लागत नाही.