डिस्पेन्सरी कुणाची? ठाण्यात न उघडलेल्या दुकानाची पार्श्वभूमी

नौपाड्यात किंवा वाशीच्या एखाद्या सेक्टरमध्ये 'डिस्पेन्सरी' म्हटलं की फॅमिली डॉक्टरचा दवाखाना आठवतो. बाहेर दोन बाकडी, आत कंपाउंडर, लाल मिक्श्चरची बाटली आणि डोस कळावा म्हणून तिला डकवलेली कातरलेल्या कागदाची पट्टी. कॅलिफोर्नियात शिकायला गेलेला नातू फोनवर 'इथे डिस्पेन्सऱ्या खूप' म्हणाला, तर आजीला हायसंच वाटेल. तिकडे त्या पाटीखाली गांजा मिळतो, हे तिला कुणी तरी समजावून सांगावं लागेल. पण आजीची समजूत अगदीच खुळी नाही. गांजाचा अर्क एकेकाळी खरोखर औषधाच्या बाटलीतच असायचा.

आपल्याकडे या झाडाचं वैद्यकीय नाव विजया. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिला भंगा, गंजा, मातुलानी, मादिनी अशीही नावं दिली आहेत. जुलाब आणि ग्रहणीवर दिल्या जाणाऱ्या जातीफलादि चूर्णात भांग असते. पाश्चात्त्य वैद्यकात ही वनस्पती नीट शिरली ती कोलकात्यातून. तिथे विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने तिचे प्रयोग केले आणि १८३९ मध्ये ते लिहून काढले. धनुर्वात, संधिवात, लहान मुलाचे झटके अशा रुग्णांना त्याने अर्क दिला होता. पुढे तो अर्क विलायतेत गेला, तिथल्या औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, शिरला आणि साहेबाच्या शिक्क्याचं औषध होऊन परत आला.

त्या काळी झाडाचा नशेसाठी होणारा खपही सरकारच्या नजरेखालचाच होता. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली मक्ते दिले जात, नगर जिल्ह्यात गांजाचं रीतसर पीक घेतलं जाई आणि परवान्याच्या दुकानात तो विकला जाई. परवाना, ठरलेला विक्रेता, कर: आज अमेरिकेत नवलाईने सांगितलं जातं त्यातलं बरंचसं इथे तेव्हाच होतं. फक्त 'रुग्ण' हा शब्द नव्हता.

१८९१ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजा ओढणाऱ्यांनी भरली आहेत, हे खरं का? त्यातून पुढे १८९३ मध्ये हेम्प ड्रग्ज कमिशन, म्हणजे भांग-गांजाचा चौकशी आयोग, नेमला गेला. कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या आणि इस्पितळांचे दाखले तपासले, तेव्हा मजेशीर गोष्ट बाहेर आली. रुग्णाला आणणारा पोलीस कागदावर वेडाचं कारण 'गांजा' लिहून मोकळा होई आणि इस्पितळ तेच आपल्या वहीत उतरवून घेई. चौकशी अशी कुणी केलेलीच नसे. १८९४ च्या अहवालाने म्हटलं की बेताचं सेवन जवळजवळ निरुपद्रवी आहे, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदीची गरज नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय त्यानंतरचं, १९०१ चं. 'याला ठाण्याला पाठवा' हा अख्ख्या महाराष्ट्राचा विनोद झाला, पण गांजा म्हणजे वेड हे समीकरण त्याआधीचं आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आज हा विषय काढून पाहा, दुसऱ्या मिनिटाला तेच वाक्य येईल. लिहिणारा पोलीस गेला, नोंद राहिली.

विसाव्या शतकात बाटली कपाटातून गेली. अमेरिकेने १९३७ मध्ये गांजावर जाचक कर बसवला आणि १९४२ मध्ये तो आपल्या औषधसंहितेतून काढला. अंमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने वाटाघाटी करून बंदी आणायला पंचवीस वर्षांची सवलत मिळवली, आणि कराराच्या व्याख्येतून पानं बाहेर राहिली. म्हणून १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा, कायदा आला तेव्हा त्यात चरस आला, फुलाफळांचे शेंडे म्हणजे गांजा आला. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया सुटल्या. एकाच झाडाचा शेंडा गुन्हेगार आणि पान मोकळं! किलोभर गांजापर्यंत 'अल्प प्रमाण', वीस किलोंपुढे 'व्यापारी प्रमाण', हे शिक्षा ठरवणारे आकडेही त्याच शेंड्याचे.

पण पान मोकळं ते केंद्राच्या कायद्यात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याच्या 'मादक द्रव्या'च्या व्याख्येत भांगेची पानंही आहेत. वाराणसीत भांगेचा सरकारमान्य ठेका दिसतो. होळीला गेलेला ठाणेकर तिथे ठंडाई पिऊन येतो आणि इथे तसं दुकान का नाही म्हणून विचारतो. त्याचं उत्तर या जुन्या कायद्यात आहे.

दरम्यान अमेरिकेत उलटा प्रवास सुरू झाला. एड्सच्या साथीत भूक मेलेल्या, उलट्यांनी हैराण झालेल्या रुग्णांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस पेरॉन आणि त्याच्या सोबत्यांनी गांजा पुरवणारा क्लब चालवला. त्यातून १९९६ चं मतदान झालं, आणि कॅलिफोर्निया वैद्यकीय गांजाला मान्यता देणारं पहिलं राज्य ठरलं. भांडण मग गल्लीतल्या डिस्पेन्सरीवर आलं: शाळेपासून किती फूट, रात्री किती वाजेपर्यंत, रांगेतला माणूस रुग्ण की नुसता गिऱ्हाईक. तो नुसता गिऱ्हाईक असावा हा संशय मलाही रास्त वाटतो. पण २०१८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांवर गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिऑल या घटकाचं द्रवऔषध मंजूर केलं, तेव्हा 'हे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांनाही थांबावं लागलं. ओशॉनेसीचं झटके येणारं मूल इथे पुन्हा आठवतं.

भारतात ते दार वैद्याच्या बाजूने किलकिलं झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये बेंगळुरूच्या कोरमंगलात विजयाची औषधं देणारं क्लिनिक उघडलं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान २७ विरुद्ध २५ असं पार पडलं. भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं. २०२१ मध्ये भांगेच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता मिळाली.

ठाण्यात अशी डिस्पेन्सरी उघडायची झाली तर तिला कोणता नियम लागेल? तंबाखूच्या टपरीला शाळेपासून शंभर यार्डांची मर्यादा आहे. दारूचं दुकान नको असेल तर वॉर्डातले मतदार आडव्या बाटलीवर मत देऊन ते बंद पाडू शकतात. गांजाच्या औषधी दुकानाला मात्र कायद्यात खणच नाही, त्यामुळे परवानगी मागायची सोय नाही आणि हरकत घ्यायचीही नाही. तरी माल येतोच. घोडबंदर रोडच्या टॉवरमधला पाठदुखीने बेजार माणूस मोबाइलवर वैद्याशी बोलतो आणि विजयाचं तेल मागवतो. बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा असतो. गेटवरचा वॉचमन खोक्याकडे पाहतही नाही. वहीत फ्लॅट नंबर लिहितो आणि पुढे 'पार्सल'.