कंस, त्रिकोण आणि लाल अक्षरं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये सुट्या भागांच्या कारखान्यांत मशीनशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात ड्रॉइंग लटकलेलं असतं. कोपरे दुमडलेले, वर तेलाची बोटं उमटलेली. खाली उजवीकडच्या चौकटीत पार्ट नंबर आणि ‘रेव्ह. ४’. जे माप बदललं त्याच्याजवळ एक छोटा त्रिकोण, त्यात रेव्हिजनचा आकडा. वर लाल शिक्का: ‘कंट्रोल्ड कॉपी’. डॉक्युमेंट कंट्रोलला बसणाऱ्या माझ्यासारख्याचा सगळा संसार या त्रिकोणाभोवती.

पूर्वी एका ठिकाणी असताना एका भोकाचं माप ८.२ चं ८.५ झालं. नवी फाईल सर्व्हरवर वेळेत चढली, मेल गेला, सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद चोख झाली. रात्रपाळीच्या मशीनवर मात्र रेव्ह. ३ चंच पाकीट लटकत होतं. सकाळी अख्खा लॉट भंगारात. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की बदल दिसणं वेगळं आणि आत्ता चालू प्रत कोणती हे ठरणं वेगळं. आजच्या डॉक्युमेंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच खिडकीत दिसतात, पण वाढली ती वेगवेगळ्या घरांत.

जुनं न पुसता नवं लिहायची रीत आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदीखत झालं, वाटणी झाली, वारस लागले की तलाठी फेर घेतो. महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबारा बदलतो. जुन्या खातेदाराचं नाव मात्र जात नाही, ते कंसात बसतं आणि कोणत्या फेराने काय झालं तो क्रमांक उताऱ्यावर राहतो. अलीकडच्या नमुन्यात कंसावर आडवी रेषही मारतात आणि शेवटचा फेरफार क्रमांक तारखेसह छापतात. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटेस्ट रेव्हिजन.

मराठवाड्याला या नोंदींची किंमत जरा जास्तच कळते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य, त्यामुळे जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत. बांधाचा वाद फार मागे गेला की अजूनही १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढावं लागतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना कागद कपाटात होते, पण वाचणारे मोडी आणि उर्दू जाणकार शोधून आणावे लागले.

आणखी मागे जायचं तर पैठणला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीतले पाठभेद तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कुणी स्वतःची ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल, असं बजावलं. फाईल रीड-ओन्ली करायची याहून देखणी पद्धत मला माहीत नाही.

कॉम्प्युटरवरची गोष्ट प्रोग्रामरांनी सुरू केली, तीही स्वतःच्या डोकेदुखीसाठी. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडने ‘एससीसीएस’ हा आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामची प्रत्येक आवृत्ती पूर्ण साठवायला डिस्कवर जागा कुठली, म्हणून त्यात फक्त फरक साठवायचा. दोन फायलींतला नेमका फरक काढणारा ‘डिफ’ हा प्रोग्रामही त्याच दशकात तिथेच तयार झाला. १९८२ च्या सुमारास वॉल्टर टिची यांच्या ‘आरसीएस’ने एक हुशारी केली. ताजी प्रत पूर्ण ठेवायची आणि तिच्यावरून मागे जायचे फरक साठवायचे, कारण शंभरातल्या नव्वद वेळा माणसाला ताजीच प्रत लागते. फाईल ‘चेक-आऊट’ केली की तिला कुलूप, बाकीच्यांनी थांबायचं. साहेबांच्या टेबलावर नस्ती पडून असली की बाकी कार्यालय जसं थांबतं, तसंच. पुढे ‘सीव्हीएस’ने दोघांना एकाच वेळी काम करू दिलं आणि २००५ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्सच्या ‘गिट’ने प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहासच ठेवला. कार्यालयातल्या माणसाच्या हाती मात्र यातलं काही थेट आलं नाही.

त्याच्या हाती आला तो वर्ड. ‘ट्रॅक चेंजेस’ या नावाने मेनू वर्ड ९७ मध्ये दिसू लागला. नवा मजकूर रंगीत आणि अधोरेखित, काढलेल्यावर काट, आणि शेजारी कोणी कधी केलं त्याची नोंद. हे खरं म्हणजे वकिलांचं आणि संपादकांचं हत्यार: समोरच्याने करारात काय घुसवलं ते बघायचं आणि ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करायचं. हा इतिहास फाईलच्या पोटातच राहतो आणि फाईल जाईल तिथे सोबत जातो. ऑक्टोबर २००५ मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफीक हरिरी यांच्या हत्येवरचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल वर्ड फाईल म्हणून बाहेर पडला आणि आयत्या वेळी वगळलेली संशयितांची नावं पत्रकारांनी ट्रॅक चेंजेसमधून वाचली.

आपल्याकडे अडचण उलटी. दहा मशीनच्या विंडोज एकाच माणसाने टाकलेल्या असल्या की प्रत्येक बदलापुढे नाव येतं ‘ॲडमिन’. काट मारली कोणी? ॲडमिनने. जोडलं कोणी? ॲडमिनने. आणि मराठी मसुदा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला असेल तर युनिकोडमध्ये नेल्यावर ‘कंपेअर’ अख्खं पान लाल करून दाखवतं, कारण आतले संकेतच बदललेले असतात. खासऱ्याचं झालं तेच: नोंद आहे, पण वाचता येत नाही.

तिसरं घर कारखान्यांचं. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि भोवती पुरवठादार उभे राहिले. आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं मानक १९८७ मध्ये आलं. त्याने विचारलं: कामाच्या जागी चालू प्रतच आहे ना, आणि बाद प्रत उचलली का? शिक्के, मास्टर लिस्ट, वाटपाची वही, हा सगळा प्रपंच तिथून अंगवळणी पडला. औषध कंपन्यांवर आणखी कडक नियम आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ‘पार्ट ११’ आणला: इलेक्ट्रॉनिक नोंदीत बदल केला तर त्याची तारीख-वेळ आपोआप उमटली पाहिजे आणि आधीची नोंद झाकली जाता कामा नये. सातबाऱ्यावरचा कंस यापेक्षा वेगळं काय सांगतो?

ही तिन्ही घरं २००० नंतर हळूहळू एका छपराखाली आली. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये कच्च्या आवृत्त्या ०.१, ०.२ अशा आणि मंजूर झालेली १.०. गुगल डॉक्समध्ये तर वेगळं सेव्ह करायचंच उरलं नाही, इतिहास मागे आपोआप साठत जातो. सरकारी कार्यालयांतल्या एनआयसीच्या ई-ऑफिसमध्ये पिवळी टिपणी कच्ची, तिच्यात हवे ते बदल करा. हिरवी झाली आणि पुढे पाठवली की हात लावता येत नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तर १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग सक्तीचा झाला, आणि तो बंद करता येणार नाही अशी अट घातली गेली. जुन्या तारखेचं व्हाउचर गुपचूप सारखं करणाऱ्या अकाउंटंट मंडळींचे चेहरे त्या वर्षी पाहण्यासारखे होते.

भंगार झालेल्या त्या लॉटनंतर आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एकच पायरी वाढवली. रेव्ह. ५ ‘रिलीज’ म्हणून दिसायच्या आधी रेव्ह. ४ चं पाकीट मशीनवरून काढून माझ्या टेबलावर यायचं. ऑपरेटर ते आणून द्यायचा, मी वहीत त्याची सही घ्यायचो, कागदावर ‘बाद’चा शिक्का मारायचो आणि मगच बटण दाबायचो.