सुई टोचतात तिथे मज्जारज्जू नसतोच

आमच्या एका मावशीची कंबर धरली की गुन्हेगार ठरलेला असतो. “सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं ना, तेव्हापासूनच हे मागे लागलंय.” ते सिझर होऊन सत्तावीस वर्षं झाली. हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतं आणि त्याच्या मुळाशी एक धास्ती असते : सुई मज्जारज्जूत घुसली असणार.

पण सुई टोचतात त्या जागी मज्जारज्जू नसतोच.

मणक्यांची माळ पार माकडहाडापर्यंत जाते. तिच्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरणारा मज्जारज्जू मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण 45 सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी आणि वजन जेमतेम 35 ग्रॅम. तीन महिन्यांच्या गर्भात तो पोकळी तळापर्यंत भरून असतो. पुढे हाडं भराभर वाढतात, रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळ असतं, नंतर आणखी वर सरकतं. त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 31 जोड्या मात्र आपापली जुनी दारं सोडत नाहीत. त्यामुळे कमरेच्या नि पायांच्या तंतूंची मुळं बाहेर पडण्यासाठी लांबवर खाली लोंबत जातात. त्या झुबक्याला शरीरशास्त्रात ‘अश्वपुच्छ’ म्हणतात. मला मात्र खिरीतल्या शेवया आठवतात. सगळी मुळं पातळ द्रवात तरंगत असतात, सुई आली की बहुधा बाजूला सरतात.

म्हणून भूलतज्ज्ञ सिझरसाठी आलेल्या बाईंना मांजरासारखी पाठ बाक काढून बसायला सांगतात, दोन्ही बाजूंची खुब्याची हाडं चाचपतात आणि त्यांना जोडणारी रेघ मनात ओढतात. ती कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. तिथल्या फटीतून सुई आत गेली की पाण्यासारखा स्वच्छ द्रव थेंब-थेंब येतो, मग भुलीचं औषध. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर या सुईवर फोडता येईल, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. गरोदरपणात कमरेवर आलेला ताण आणि नंतर बाळाला घेऊन वाकणं-उचलणं यांना कुणी दोष देत नाही, इतकंच.

डोकेदुखीची तक्रार मात्र खरी असते, आणि ती पहिल्या दिवसापासूनची आहे. 1898 साली जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने ही भूल स्वतःवर करून पाहायची ठरवली. सुई टोचली सहायक हिल्डेब्रांटने, पण पिचकारी सुईवर नीट बसेना आणि बिअरच्या पाठीतला बराच द्रव वाहून गेला. मग अदलाबदल झाली. हिल्डेब्रांटला कोकेन टोचून बिअरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली, पायाला पेटती सिगार लावली. त्याला काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघेही आजारी! बिअरचं डोकं उठून बसलं की ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. द्रव गळाल्यावर होणारी डोकेदुखी अशीच असते. आता सुया फार बारीक असतात, त्यामुळे ती पुष्कळ कमी झाली आहे.

भूल चढली की नाही हे पाहायला आज सिगार लागत नाही. स्पिरिटचा बोळा मांडीवर फिरवून “गार लागतंय का?” असं विचारलं की झालं. गारवा आणि वेदना वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते लवकर बधिर होतात. नंतर पाय जड होतात आणि हलेनासे होतात. या वेळी गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारली, तर पाय उडत नाही. का, ते बघू.

मज्जारज्जू आडवा कापला तर आत करड्या रंगाचं फुलपाखरू दिसतं, भोवती पांढरा भाग. पांढऱ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या-येणाऱ्या वाटा, करड्यात चेतापेशींची वस्ती. पाठीकडच्या मुळांतून संवेदना आत येते, पोटाकडच्या मुळांतून हुकूम बाहेर जातो. फ्रान्समध्ये माजांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1822 साली कुत्र्याच्या पिल्लांची ही मुळं वेगवेगळी कापून ते दाखवलं होतं. वाचायला नको वाटतं, पण ही माहिती अशी मिळाली आहे.

हातोडी बसते तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूत दडलेल्या ताणमापकाला ते कळतं. संदेश मागच्या मुळातून रज्जूत शिरतो आणि थेट स्नायू हलवणाऱ्या पेशीला भिडतो, मध्ये दलाल नाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात स्नायू कामाला लागतो. त्याच क्षणी मांडीमागच्या विरोधी स्नायूला ‘तू सैल पड’ असा निरोप जातो. एसटीत उभ्याने जाताना ब्रेक लागून गुडघे दुमडतात, तेव्हा सावरायला हीच यंत्रणा मदत करते.

काट्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. अनवाणी पायात बाभळीचा काटा घुसला की तो पाय वर उचलला जातोच, पण दुसरा पाय त्याच वेळी ताठ होऊन सगळा भार घेतो, नाहीतर आपण आडवेच झालो असतो. हा हिशेब रज्जूतच होतो, ‘आई गं’ नंतर येतं. तरी मेंदूचा लगाम सुटलेला नसतो. दुधाचं तापलेलं पातेलं चटका बसत असतानाही आपण ओट्यापर्यंत नेतो, ते त्याच्या जोरावर.

लगाम तुटला तर काय होतं, ते अपघातात दिसतं. मानेपाशी किंवा छातीमागे रज्जूला इजा झाली, तर सुरुवातीला खालचं सगळं थंड पडतं. काही आठवडे गेले की गुडघ्याचा झटका परत येतो आणि पहिल्यापेक्षा जोरात येतो. भूल दिलेल्या बाई आणि हा रुग्ण, पाय दोघांनाही हलवता येत नाहीत. पण बाईंच्या बाबतीत रज्जूपर्यंत जाणारी-येणारी मुळंच बधिर आहेत. रुग्णाचं स्नायूकडून रज्जूकडे आणि परत स्नायूकडे हे वर्तुळ शाबूत आहे, वरून आवरणारं कुणी नाही. बिघाड कुठे असेल याचा पहिला अंदाज एमआरआयच्या आधी डॉक्टरांना हातोडीच देते.

दुसरी खूण तळपायाची. 1896 साली पॅरिसमध्ये बाबिन्स्की या डॉक्टरने ती नोंदवली. टाचेकडून बोटांकडे तळव्याची बाहेरची कड खरवडली की निरोगी मोठ्या माणसाची बोटं खाली वळतात. मेंदूकडून येणारी वाट तुटली असेल तर अंगठा वर उठतो. तान्ह्या बाळाचाही अंगठा असाच वर उठतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ती लांबलचक वाट अजून पुरी तयार व्हायची असते. वर्ष-दोन वर्षांत, बाळ चालू-पळू लागतं त्या सुमारास, अंगठा खाली वळायला लागतो.