सत्ताविभाजन

कायदे करणे, त्यांची अंमलबजावणी करणे आणि त्यांच्या आधारे तंटे निकालात काढणे ही शासनाची तीन कामे निरनिराळ्या यंत्रणांकडे असावीत, म्हणजे कोणा एकाच्या हाती अनिर्बंध सत्ता एकवटणार नाही, असे सांगणारे राज्यशास्त्रातील तत्त्व. विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ ही त्रयी बहुतेक लिखित संविधानांत आढळते.

तत्त्वाच्या उगमाबद्दल एकमत नाही. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात राज्यव्यवस्थेचे विचारविनिमय, अधिकारपदे व न्यायदान असे तीन घटक सांगितले, म्हणून काही लेखक उगम त्याच्यापर्यंत नेतात. मात्र हे घटक वेगवेगळ्या माणसांकडेच असावेत, असा त्याचा आग्रह दिसत नाही. अथेन्सचा नागरिक सभेत मत देई आणि न्यायसभेतही बसे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने रोममधील कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी), सेनेट व जनता एकमेकांना कसा आवर घालतात ते दाखविले, पण ते विवेचन मिश्र राज्यपद्धतीचे, म्हणजे राजसत्ता, श्रेष्ठजनसत्ता व लोकसत्ता यांच्या मिश्रणाचे आहे. जॉन लॉकच्या मांडणीत (१६८९) विधायी व कार्यकारी सत्तेसोबत युद्ध, तह इ. परराष्ट्र व्यवहारांची तिसरी सत्ता येते. न्यायदानाला स्वतंत्र स्थान नाही. म्हणून फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूच्या १७४८ मधील कायद्याविषयीच्या ग्रंथापासून आधुनिक तत्त्वाची सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

माँतेस्क्यू १७२९ ते १७३१ या काळात इंग्लंडमध्ये होता आणि ग्रंथाच्या अकराव्या भागातील सहाव्या प्रकरणात त्याने तेथील राज्यव्यवस्थेचे वर्णन केले. मंत्रिमंडळ संसदेतूनच आकार घेत होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला. इंग्लिश लेखक वॉल्टर बॅजटने १८६७ मध्ये तर कार्यकारी व विधायी सत्तांचे जवळजवळ संपूर्ण एकीकरण हेच इंग्लिश व्यवस्थेचे मर्म मानले. आक्षेप पुरता पटत नाही. त्या प्रकरणात माँतेस्क्यूने ‘ठरविण्याचा’ आणि ‘रोखण्याचा’ अधिकार असा भेद केला असून कार्यकारी सत्तेला विधेयक रोखण्याचा, तर वरिष्ठ सभागृहाला काही खटले चालविण्याचा अधिकार दिला आहे. कडेकोट विभाजन त्यालाही अभिप्रेत नव्हते. आजच्या बलवान न्यायालयांचे श्रेय मात्र त्याला देता येत नाही. न्यायसत्ता त्याच्या लेखी एका अर्थी शून्यवत होती आणि न्यायसभा लोकांमधून ठराविक काळापुरती निवडावी, असे तो सुचवितो.

अमेरिकेत संविधानाच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने १७८८ मध्ये हेच वाचन स्वीकारले: एका शाखेची सगळी सत्ता दुसरीच्या हाती जाऊ नये, अंशतः सहभाग चालेल. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार, तो दोनतृतीयांश मतांनी डावलण्याची काँग्रेसची मुभा, महाभियोग ही त्याचीच रूपे. कायदा संविधानविरोधी ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार १८०३ च्या मार्बरी खटल्याने रुजला. फ्रान्समध्ये याच तत्त्वाचा उलट अर्थ लागला: १७९० च्या कायद्याने न्यायाधीशांना प्रशासनात ढवळाढवळ करण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय न्यायालयांची वेगळी परंपरा पुढे वाढली.

संसदीय पद्धतीत मंत्री हे विधिमंडळाचेच सदस्य असतात, तेव्हा पहिल्या दोन शाखांमधील रेषा पुसट असते. तत्त्वाचा कणा म्हणजे न्यायमंडळाचे स्वातंत्र्य. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ५० न्यायमंडळ कार्यकारी मंडळापासून अलग करण्याचे निदेश देतो. १९७५ मध्ये एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा न्यायप्रविष्ट तंटा परस्पर मिटविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. विशिष्ट तंटा निकालात काढणे हे न्यायनिर्णयाचे काम असून घटनादुरुस्तीच्या रूपानेही संसदेने ते करू नये, ही त्या निकालातील एक महत्त्वाची भूमिका होती.

नियामक संस्थांच्या बाबतीत हे तत्त्व अपुरे पडते. एकच संस्था नियम करते, चौकशी करते आणि दंडही ठोठावते. अमेरिकेच्या १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने अशा संस्थांत चौकशी करणाऱ्याला त्याच प्रकरणाच्या निर्णयात सहभागी होण्यास सामान्यतः मज्जाव केला आहे.